सत्तावीस चाकू आणि एक शाल

धामणगाव बढ्याच्या बाजारात अन्नपूर्णाबाईंची जागा ठरलेली आहे. मिरची, वांगी, मेथी आणि हंगामात वाल. त्यांची मेथी दुपारच्या आत संपते, कारण जुड्या मोठ्या बांधतात. पण बाजारात त्यांना मेथीवाली कोणी म्हणत नाही. चाकूवाली म्हणतात.

त्या चाकू विकत नाहीत, जमवतात. तेही सगळे नाही, एकाच घडणीचे. मी त्यांना मावशी म्हणते. माझ्या आईची आणि त्यांची वावरं एकाच धुऱ्यावर, म्हणजे बांधाला बांध लागून. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी एकदा व्हर्नियर घेऊन त्यांच्या घरी गेले आणि चाकू मोजायला बसले. एका दुपारचं काम वाटलं होतं, चार रविवार लागले.

आधी चाकू कसा आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मूठ म्हशीच्या शिंगाची, मधे जरा फुगीर, मुठीत धरली की बरोबर बसणारी. पातं चार बोटं लांब, कडुनिंबाच्या पानासारखं एका बाजूला झुकलेलं. मुठीच्या तोंडाशी पितळी कडं, आणि कड्याला एक फट. ही फट पात्यासमोर आली की पातं बाहेर निघतं. कडं फिरवलं की पातं अडकतं, मग ते उघडं असो की मिटलेलं. स्प्रिंग नाही, खटका नाही. एक खिळा आणि एक कडं, एवढ्यावर सगळं काम. आम्हाला कॉलेजात शिकवायचे की चांगल्या यंत्रात सुटे भाग कमी असतात. ते मला खरं तर या चाकूत कळलं.

पात्यावर, खिळ्याजवळ, चंद्रकोर आणि तीन ठिपके ठोकलेले. कोणी ठोकले ते माहीत नाही. कोणत्या गावचा लोहार होता, कधी होता, एक होता की बापलेक होते, काहीच माहीत नाही. मावशींना लोक वाटेल ते सांगतात आणि त्या ऐकून घेतात, पण मानत नाहीत. "ज्यानं बनवला त्यानं नाव नाई लिहिलं, मंग आपन काऊन लिहावं?" एवढंच म्हणतात.

सुरुवात तीस वर्षांपूर्वी याच बाजारात झाली. एक मेंढपाळ समोर बसून काकडी खात होता. त्यानं चाकू उघडला तेव्हा कड्याचा "कट्" असा आवाज झाला. मावशींनी मान वर केली. त्यानं काकडी संपवली, पातं धोतराला पुसलं, मिटलं, पुन्हा "कट्". मावशी सांगतात की त्या दिवशी त्यांनी एका बाईला मिरचीचे उरलेले पैसे परतच दिले नाहीत, इतकं लक्ष तिकडे होतं. चाकू त्यांनी तिथल्या तिथे मागितला. तो नाही म्हणाला. पुढच्या बाजारी पुन्हा मागितला. पाच महिन्यांनी तो कंटाळला आणि एक नवा विळा नि पाच किलो वाळली मिरची घेऊन चाकू देऊन टाकला.

तेव्हापासून सव्वीस आणखी. एक कोणा म्हाताऱ्याच्या कमरेला होता, एक भंगारवाल्याच्या पोत्यात, एक तर पाण्याच्या मोटरीखाली टेकू म्हणून लावलेला सापडला. मावशींची मुलगी मयुरी पुण्याला असते. तिनं एकदा लाल रंगाचा परदेशी चाकू आणून दिला, त्यात कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू, दात कोरायची काडीसुद्धा. मावशींनी तो कौतुकानं पाहिला आणि मेथीच्या जुड्यांची सुतळी कापायला ठेवला. डब्यात नाही ठेवला. डब्यात फक्त कड्याचे.

डबा म्हणजे हायब्रीड बियाण्याचा पत्र्याचा डबा. वर्षातून चार वेळा चाकू काढायचे, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, एकेक उघडून मिटून पाहायचा आणि परत ठेवायचे. वापरायचे नाहीत. गावात एकदा कुणीतरी पिल्लू सोडलं की बाईकडे हत्यारं आहेत, पोलीस येतील. मावशींनी वाट पाहिली नाही. डबा डोक्यावर घेऊन स्वतःच ठाण्यात गेल्या. हवालदारानं दोन-चार उघडून पाहिले, बोटांनी पातं मोजलं आणि विचारलं, मावशी, यानं भाजी कापता का? त्या म्हणाल्या, नाही, पाहते. त्यानं आणखी काही विचारलं नाही.

पण बाकीचे विचारतच राहिले. तीस वर्षं गावाला एकच प्रश्न पडला आहे, की काऊन? वडील लोहार होते का? नाही. कधी अंगावर कोणी धावून आलं होतं का? नाही. यात पैसा आहे का? नाही. मग काऊन?

"मले आवडते."

"आवडते म्हंजे?"

"तुले जिलेबी आवडते. मी इचारलं का कधी काऊन म्हनून?"

मला हे लिहावंसं वाटलं ते या उत्तरासाठी. वकिलाच्या घरी जुनी नाणी असली की लोक त्याला छंद म्हणतात, पेपरात फोटो येतो. भाजीवालीच्या घरी चाकू असले की म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. आमच्यासारख्या घरांत आवडीला काहीतरी कारण लागतं. पोटाचं, नाहीतर देवाचं. मावशींनी कारण दिलं नाही. आणि गावानं मग स्वतःच एक कारण शोधून काढलं. ते कारण म्हणजे उकंडराव.

उकंडराव हे मावशींचे यजमान. अतिशय भला माणूस. बैलाला काठी न लावणारा. आणि पात्याला घाबरणारा. दाढीसुद्धा न्हाव्याकडे डोळे मिटून करतात. मावशी तेल लावायला बसल्या की ते दोन हात लांब बसून बोलत राहतात. तरी बाहेरगावचा कोणी आला की गावातले लोक सांगत, उकंडरावांकडे जुने चाकू आहेत. उकंडरावांचा शौक आहे. सुरुवातीला उकंडराव प्रत्येकाला दुरुस्त करायचे. मग थकले. मावशी थकल्या नाहीत, पण ऐकत कोण होतं?

मागच्या वर्षी वैशाखात कुलदीपचं लग्न निघालं. कुलदीप म्हणजे उकंडरावांच्या थोरल्या भावाचा, निवृत्तीदादांचा मुलगा. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत तो हातातून सोडायचा नाही. हल्ली बाजारात त्यासाठी मखमलीच्या म्यानातली चकचकीत कट्यार भाड्यानं मिळते. पण निवृत्तीदादांना वेगळं काहीतरी हवं होतं. हळदीला आमदारांचे स्वीय सहायक येणार होते, माइक होता, फोटोवाला होता.

ते मावशींच्या घरी आले त्या दिवशी मी तिथे होते. निवृत्तीदादा मावशींचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. जुन्या वळणाच्या घरांत भासऱ्यासमोर सून डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. जे काय बोलायचं ते नवऱ्याला उद्देशून. बत्तीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते आणि भांडण मात्र पुष्कळ वेळा झालं होतं.

"उकंड, घरात सांग," निवृत्तीदादा म्हणाले, "कुलदीपच्या हातात भाड्याचा चाकू शोभत नाई. तुह्याकडे डबाभर पडले हायेत."

मावशी दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या, हाताभरावर. त्या उकंडरावांना म्हणाल्या, "दादाले सांगा, पडले नाईत. ठेवले हायेत."

उकंडरावांनी दोघांकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती.

मग डबा निघाला. मावशी कोणाला चाकू देत नाहीत; पण कुलदीप लहानपणी त्यांच्याच अंगणात वाढलेला, आणि तो हौसेनं मागतोय असं कळल्यावर त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बाजूला एक साधा चाकू काढून ठेवला. निवृत्तीदादांनी तो सरकवला आणि स्वतः निवडला. त्यांची नजर चांगली होती, हे मान्य करावं लागेल. त्यांनी उचलला तो सगळ्यात देखणा. काळ्या मुठीवर पितळी टिकल्यांची वेल असलेला. मोजमाप घेताना मी त्याला सतरा नंबर दिला होता. सत्तावीसमधे तसा दुसरा नाही, आणि नुसता वेलीमुळे नाही. बाकी सव्वीस चाकूंचं कडं उजवीकडे फिरतं. याचं डावीकडे. आणि तेही आधी कडं मुठीकडे दाबलं तर. मला वाटतं तो बनवणाऱ्यानं एखाद्या डावखुऱ्या गिऱ्हाइकासाठी केला असावा. मावशींना असं वाटणं चालत नाही, म्हणून मी ते बोलत नाही.

मावशींनी चाकूकडे पाहिलं, मग उकंडरावांकडे.

"न्या म्हना. पन एक अट हाये. माइकवर नाव घ्यायचं. हा चाकू अन्नपूर्णाबाईचा हाये असं सांगायचं."

"सांगू ना बाप्पा," निवृत्तीदादा छताकडे पाहून म्हणाले. "त्यात काय."

चाकू कसा उघडायचा ते त्यांनी विचारलं नाही. मावशींनी तेवढ्यात आत जाऊन पात्याच्या टोकाला मेणाचा हात दिला, कारण लिंबाचा रस असल्या पोलादाला तासाभरात काळं करतो. मग कडं घट्ट बसवलं आणि चाकू फडक्यात गुंडाळून दिला. निवृत्तीदादा गेल्यावर मी म्हटलं, मावशी, डावं कडं आहे हे सांगायचं राहिलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"कोनी इचारलं का?"

हळद सकाळी अकराला होती. मांडवात माणूस मावत नव्हता. माइकवर संघर्ष होता, आमच्या गावचा सूत्रसंचालक. वाढदिवसापासून तेराव्यापर्यंत त्याच्याशिवाय कार्यक्रम होत नाही. त्याच्या हातात निवृत्तीदादांनी दिलेली यादी होती. पाहुण्यांची नावं झाली, स्वीय सहायकांचं स्वागत झालं, कुलदीपला हळद लागली. मग संघर्षनं आवाज खाली आणला आणि सांगितलं की आता नवरदेवाच्या हाती देण्यात येत आहे एक शिवकालीन चाकू, जो आपले आदरणीय उकंडराव यांच्या घराण्यात पाच पिढ्यांपासून जतन केलेला आहे, आणि या निमित्तानं उकंडरावांच्या या अनमोल छंदाबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

मी बायकांमधे मावशींच्या शेजारी बसले होते. त्या फक्त हातातल्या पत्रिकेची नीट चौकोनी घडी करत राहिल्या, उलगडली, परत घडी केली.

उकंडरावांना हाताला धरून उठवलं. ते काहीतरी म्हणत होते, पण स्वीय सहायकांनी शाल अंगावर टाकली, टाळ्या झाल्या, फोटोवाल्यानं नारळ जरा वर धरायला सांगितला. निवृत्तीदादांनी चाकू त्यांच्या हातात दिला. "उकंड, उघडून दे पोराच्या हातात. फोटो येऊ दे."

उकंडरावांनी नारळ बगलेत धरला. कडं उजवीकडे फिरवलं. फिरलं नाही. जोर लावला, तरी नाही. कुलदीपनं घेतला, त्याच्या हाताला हळद आणि तेल, बोटं घसरली. चुलतभावानं घेतला. मग मामानं, दातानं. मामा म्हणाले, जंग चढला दिसतो. मागून कोणी तरी म्हणालं, शिवाजी महाराजांच्या काळापासून उघडला नसंन बे. मांडव हसला. संघर्ष माइकवर म्हणाला की थोडी तांत्रिक अडचण आहे, सहकार्य करावं.

"पक्कड आना रे," निवृत्तीदादा म्हणाले.

मावशी उठल्या. पण त्यांच्या आधी उकंडराव हलले. त्यांनी मामांच्या हातातून चाकू ओढून घेतला आणि मूठ आवळून छातीशी धरला. पात्याला घाबरणारा माणूस. संघर्षचा माइक तिथेच होता, म्हणून सगळं ऐकू आलं.

"पक्कड नाई लावाची. मले हा उघडता येत नाई. कारन हा माहा नाई. कोनताच नाई. सगळे तिचे हायेत."

निवृत्तीदादा हसत म्हणाले की अरे, घरातलं ते तुझंच. आता वेळ नको काढू.

तोवर मावशी बायकांमधून वाट काढत पुढे पोचल्या होत्या. पदर डोक्यावर होता. त्या निवृत्तीदादांच्या समोर उभ्या राहिल्या, आणि सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "दादा, आपलं काय ठरलं होतं?"

मांडव गप्प झाला. चाकूमुळे नाही. भावसून भासऱ्याशी बोलली म्हणून. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. निवृत्तीदादांनी मांडवाच्या झालरीकडे पाहिलं.

"उकंड, घरात सांग, कार्यक्रम झाल्यावर पाहू."

"त्याईले नाई, मले सांगा. मी इथंच उभी हाये."

झालरीत पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी निवृत्तीदादा पाहत राहिले. पाटावर बसलेल्या कुलदीपच्या अंगावरची हळद वाळत चालली होती. तोच म्हणाला, काकू, उघडून द्या ना. मावशी म्हणाल्या, देईन, आधी नाव.

"घे बे नाव," निवृत्तीदादा संघर्षला म्हणाले.

संघर्षनं यादी चाळली. त्यात मावशींचं नाव नव्हतंच, बायकांच्या रकान्यात "सौ. उकंडराव" असं होतं. त्यानं हळूच विचारलं की नाव काय घेऊ? मावशींनी त्याच्या हातातून माइक घेतला. बाजारात तीस वर्षं ओरडून मेथी विकलेली बाई. माइक तोंडापासून किती लांब धरायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"मी अन्नपूर्णा. हा चाकू माहा हाये. शिवकालीन नाई, जुनी कानस ठोकून बनवला हाये, खिळ्याजवळ कानशीचे दात अजून दिसतात. डोनगावच्या एका म्हाताऱ्याकडून तीन वर्षं मागून घेतला. पाच पिढ्या नाईत याच्यात. मी एकलीच हाये."

मग त्यांनी उकंडरावांच्या हातातून चाकू घेतला. माइक एका हातात तसाच होता, म्हणून चाकू डाव्या हातात धरला, अंगठ्यानं कडं मुठीकडे दाबलं आणि डावीकडे फिरवलं.

कट्.

तो आवाज माइकमधून गेला, मांडवाच्या चारही कर्ण्यांतून बाहेर पडला आणि समोरच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता. एवढा मोठा कधीच नाही.

मावशींनी माइक संघर्षला परत दिला, पातं बाहेर काढलं, कडं परत फिरवून पक्कं केलं, टोकाला लिंबू खोचलं आणि चाकू कुलदीपच्या हातात दिला. निवृत्तीदादा जवळच होते. ते मावशींच्या पायाजवळच्या जमिनीकडे पाहत, पण मधे उकंडरावांना न घालता म्हणाले,

"बंद कसा कराचा, ते तरी सांगून ठेव."

"वापस आना," मावशी म्हणाल्या. "मी करीन."

गावात त्यावर महिनाभर बोलणं झालं. भासऱ्याची लाज सोडली असं अर्धे म्हणाले. निवृत्तीदादांच्या घरच्यांनी दोन सणांना बोलावलं नाही. मावशींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि माफीही मागितली नाही. बाजारात कोणी टोमणा मारला की त्या मेथीची जुडी पुढे करून विचारतात, घ्यायची का? एक फरक मात्र पडला. हल्ली बाहेरगावचा कोणी चाकू पाहायला आला तर तो थेट बाजारात, मिरचीच्या ढिगासमोर येऊन उभा राहतो.

सतरा नंबर लग्नानंतर तिसऱ्या दिवशी परत आला. कुलदीप स्वतः घेऊन आला, उघडाच, कारण मिटता कोणालाच आला नव्हता. टोकावरचं मेण एका जागी निघालं होतं आणि तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग पडला होता. मी म्हटलं, वर्कशॉपमधून पॉलिशची पेस्ट आणते, दोन मिनिटांत जाईल. मावशींनी पातं उन्हाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, पेस्टनं डाग जाईल अन् पातंही थोडं जाईल, राहू दे. मग त्यांनी चाकू मिटला.

त्याच दुपारी त्यांनी सत्काराची शाल काढली. उकंडरावांनी ती घरी आल्याबरोबर खुंटीला लावली होती आणि तिच्याकडे पाहायचं टाळत होते. मावशींनी एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि डब्यातला पहिला चाकू, मेंढपाळाचा, उघडला. त्यांना कड्याच्या चाकूनं काही कापताना मी पहिल्यांदा पाहिलं. उकंडरावांनी डोळे मिटले, पण टोक सोडलं नाही. मी मधेच म्हटलं, मावशी, यात अर्धं नायलॉन आहे, ओल धरेल. त्या म्हणाल्या, मंग तेल जास्त लावू.

"पन शाल मले मिळाली होती," उकंडराव डोळे मिटूनच म्हणाले. तक्रार नव्हती, फक्त नोंद करत होते.

"सत्कार चाकूचा होता ना? मंग शाल चाकूले."

शालीचे अठ्ठावीस तुकडे झाले. सत्तावीस तुकड्यांत सत्तावीस चाकू गुंडाळले. एक उरला. तो उकंडरावांनी चष्म्यासाठी मागितला, तर मिळाला नाही. साखरखेर्ड्याला एका घरी कड्याचा चाकू आहे असं मावशींना कळलंय, आणि घरमालक दोनदा नाही म्हणालाय. तो तुकडा त्या चाकूचा आहे.